पशुपक्ष्यांचे ऋतुस्थलांतर : दिवाळीपूर्वी घ्यावयाचा एक पाठ



तुळजापूरचे नवरात्र उठते, सोयाबीनच्या राशी घरी येतात आणि शाळूच्या पेरणीची लगबग सुरू होते. याच सुमारास आपल्या शिवारात काही पाहुणे दिसू लागतात. विजेच्या तारांवर भिंगऱ्यांची रांग बसते. तळ्याच्या काठी शेपूट वरखाली हलवीत धोबी पक्षी चालू लागतो. माळरानावर गवताच्या शेंड्यांलगत एक लांब पंखांचा शिकारी पक्षी संथपणे घिरट्या घालतो. त्यास भोवत्या म्हणतात. संध्याकाळी भोरड्यांचे थवेच्या थवे आकाशात वळसे घेत बाभळीच्या बनात उतरतात. मृगाच्या दिवसांत यांतील एकही पाखरू येथे नव्हते. ती आली कोठून आणि उन्हाळ्यात जातात कोठे, हा प्रश्न खेड्यातील मुलाच्या मनात असतोच; शिक्षकाने त्यास केवळ वाट करून द्यावयाची असते.

पुढील पाठ इयत्ता चौथी ते सातवीच्या वर्गांसाठी योजिला आहे. हिवाळी पाहुण्यांचा पाठ हिवाळ्यातच घ्यावा, असे कोणासही वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यापुरता तो दिवाळीच्या सुटीपूर्वी घेणे इष्ट आहे. त्याचे कारण लेखाच्या अखेरीस दिले आहे.

पाठाचा हेतू

(१) प्राणी ऋतुमानाप्रमाणे जागा का बदलतात, हे मुलांस कारणासहित समजावे. (२) ते वाट कशी शोधतात, याविषयी आज उपलब्ध असलेले ज्ञान त्यांस मिळावे. (३) स्वतः पाहून, तारीख घालून नोंद करण्याची सवय त्यांस लागावी.

पूर्वतयारी

पृथ्वीचा गोल, आशिया खंडाचा नकाशा, वीतभर दोरा व होकायंत्र एवढे साहित्य पुरे. गोल नसल्यास मातीच्या मडक्यावर खडूने विषुववृत्त, आपला भारत आणि उत्तरेकडील प्रदेश काढून काम भागते. पाठापूर्वी एक दिवस सकाळी मुलांस तळ्याकाठी किंवा माळावर न्यावे व कोणते पाखरू नव्याने दिसते, एवढेच पाहावयास सांगावे. येडशीजवळील रामलिंग घाटाचे अभयारण्य ज्या शाळांस जवळ पडते, त्यांनी सहलीसाठी त्याचा उपयोग करावा.

विवेचन

(अ) स्थलांतर म्हणजे काय?

चाऱ्यासाठी रोज इकडून तिकडे फिरणे म्हणजे स्थलांतर नव्हे. माळावरील हरणांचा कळप एका शिवारातून दुसऱ्यात जातो, तीही भटकंतीच होय. ठराविक ऋतूत एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाणे आणि ऋतू पालटताच परत येणे, यास स्थलांतर म्हणावे. म्हणजे यात जाणे आहे तसे येणेही आहे. हा भेद फळ्यावर दोन रकाने करून दाखवावा आणि चिमणी, साळुंकी, मोर, भोरडी, धोबी, चातक ही नावे मुलांकडूनच योग्य त्या रकान्यात भरून घ्यावीत.

(आ) ते का जातात?

बहुतेक मुले ‘थंडी वाजते म्हणून’ असे उत्तर देतील. हे उत्तर अर्धेच खरे आहे. पक्ष्याच्या अंगावरील पिसे ही त्याची घोंगडी होय. अन्न पोटभर मिळत असेल तर पुष्कळ पक्षी कडाक्याची थंडी सोसतात. खरे संकट उपासमारीचे असते. उत्तर आशियात हिवाळा आला की तळी गोठतात, जमीन बर्फाखाली जाते, किडे दिसेनासे होतात. बदकाला चोच बुडविण्यास पाणी राहत नाही आणि भिंगरीला उडता किडा मिळत नाही. म्हणून ते दक्षिणेकडे, अन्न असेल तेथे येतात.

मग चाणाक्ष मुलगा विचारील, ‘येथे अन्न आहे तर ते परत का जातात?’ या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे. गोल हाती घेऊन पुढील आकडे फळ्यावर मांडावेत.

धाराशिव (उत्तर अक्षांश सुमारे १८) : २१ जूनचा दिवस सुमारे १३ तासांचा; २१ डिसेंबरचा सुमारे ११ तासांचा.
उत्तर कझाकस्तान (उत्तर अक्षांश सुमारे ५०) : २१ जूनचा दिवस १६ तासांहून थोडा मोठा, २१ डिसेंबरचा सुमारे ८ तासांचा.

उन्हाळ्यात उत्तरेकडे बर्फ वितळते, गवत वाढते, किड्यांचा सुकाळ होतो आणि दिवसही मोठा असतो. पिलांना भरविणाऱ्या आईबापांस आपल्याकडील दिवसापेक्षा तीन तास अधिक मिळतात. घरटे करण्यास जागाही मोकळी असते. आपल्याकडे मात्र त्याच वेळी चैत्र-वैशाखाचे ऊन असते, तळी आटलेली असतात आणि उरलेल्या पाण्यावर व अन्नावर येथील कायम रहिवासी पक्ष्यांचा हक्क असतो. म्हणून पिले वाढविण्यास उत्तर आणि हिवाळा काढण्यास दक्षिण, अशी ही दोन घरांची व्यवस्था आहे. आपल्या शिवारात भोरडीचे घरटे कोणासही सापडत नाही, त्याचे कारण हेच.

याच ठिकाणी चातकाचे उदाहरण द्यावे. तो हिवाळी पाहुणा नव्हे. उत्तर व मध्य भारतात दिसणारे चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतात. चातक केवळ पावसाचे थेंब पितो, ही समजूत काव्यात शोभते. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंट खातो आणि पावसाळ्यात सुरवंटांची चंगळ असते. आपली अंडी तो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालतो. म्हणजे कोणी हिवाळ्यात येवो, कोणी पावसाळ्यात. दोघांच्याही येण्याच्या मुळाशी अन्न व संतती हीच दोन कारणे आहेत.

(इ) निघण्याची वेळ कशी कळते?

पक्ष्याजवळ पंचांग नसते. तरी तो पहिले बर्फ पडण्यापूर्वीच निघतो. त्यास सूचना मिळते ती दिवसाच्या लांबीवरून. हवा एखाद्या वर्षी लवकर गार होईल, एखाद्या वर्षी उशिरा. परंतु दिवस मात्र दरवर्षी त्याच तारखेस तेवढाच लांब असतो. दिवस लहान-मोठा होऊ लागताच पक्ष्याच्या शरीरातील ग्रंथींचे स्राव बदलतात. त्यास भूक अधिक लागते आणि अंगावर चरबी साठते. काही लहान पक्ष्यांचे वजन प्रवासापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. ही चरबी म्हणजे त्यांची वाटेची शिदोरी. पिंजऱ्यात ठेवलेला स्थलांतरी पक्षीही या दिवसांत रात्री अस्वस्थ होऊन ज्या दिशेस जावयाचे त्या दिशेकडे उड्या मारू लागतो.

(ई) वाट कशी सापडते?

या विषयी पूर्वी विलक्षण कल्पना होत्या. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने असे लिहून ठेवले की काही भिंगऱ्या हिवाळ्यात बिळांत दडून राहतात. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील भाला आरपार रुतलेला होता. तो पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत होता, याहून स्पष्ट पुरावा कोणता? तो करकोचा रोस्टॉक येथे आजही जतन करून ठेवला आहे.

पद्धतशीर अभ्यासाचा पाया मात्र एका शाळामास्तराने घातला, हे आपण अभिमानाने सांगावे. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन हे शिक्षक होते. त्यांनी प्रथम जस्ताच्या कड्या पक्ष्यांच्या पायांत घालून पाहिल्या. त्या जड झाल्या. मग १८९९ साली त्यांनी अंक व पत्ता कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्या मैनेच्या जातीच्या पक्ष्यांस घातल्या. दूरदेशी ज्यास असा पक्षी सापडे, तो पत्त्यावर कळवी. आपल्या देशात १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून हे काम डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या प्रमाणावर चालविले. याच सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती. आपला जिल्हा त्या काळी उस्मानाबाद या नावाने त्या संस्थानात मोडत असे.

पुढे प्रयोगांनी असे दिसून आले की पक्षी दिशा ओळखण्यास एकाहून अधिक साधने वापरतात. दिवसा सूर्य, रात्री ध्रुवाभोवती फिरणारे तारे आणि आभाळ झाकोळले असता पृथ्वीचे चुंबकत्व, ही ती साधने होत. येथे होकायंत्र दाखवून मुलांस सांगावे की अशा प्रकारची जाणीव पक्ष्याच्या शरीरातच आहे. ती नेमकी कशी चालते, याचे संशोधन अद्याप सुरू आहे. शिवाय नदी, डोंगर व किनारा या ओळखीच्या खुणा असतातच.

या ज्ञानात शिकलेले किती व जन्मजात किती? हंस, करकोचे यांची पिले आईबापांबरोबर प्रवास करून वाट शिकतात. चातकाचे पिलू मात्र सातभाईंच्या घरी वाढते. त्याने आपले आईबाप पाहिलेलेही नसतात. तरीही वेळ येताच ते एकटेच आफ्रिकेकडे निघते. दिशेचे ज्ञान त्यास वारशाने मिळालेले असते.

(उ) प्रवास कसा होतो?

लहान पक्षी बहुधा रात्री उडतात. रात्री हवा गार असते, शिकारी पक्षी नसतात आणि दिवस चरण्यास मोकळा राहतो. गरुडासारखे मोठे पक्षी उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत दिवसा जातात. हंस व करकोचे बाणाच्या टोकासारखी रांग धरतात; पुढच्याच्या पंखांनी उठलेल्या हवेचा आधार मागच्यास मिळून श्रम वाचतात.

तीन उदाहरणे मुलांच्या लक्षात राहतील. पट्टकदंब हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. त्याच्या उड्डाणाची उंची ७००० मीटरांहून अधिक नोंदली गेली आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या चौपटीहून जास्त. विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेण्याची शक्ती त्याच्या रक्तात आहे.

दुसरे उदाहरण अमूर ससाण्याचे. हा कबुतराहूनही लहान शिकारी पक्षी पूर्व सायबेरिया व उत्तर चीनमधून निघून नागालँडमध्ये विसावा घेतो, भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेस जातो. २०१३ साली तेथे तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश पाठविणारी छोटी यंत्रे बसविली. त्यांतील ‘नागा’ नावाच्या ससाण्याने नागालँडपासून सोमालियापर्यंतचे सुमारे साडेपाच हजार किलोमीटर अंतर पाच-साडेपाच दिवसांत न थांबता कापले. आदल्याच वर्षी, २०१२ साली, तेथील दोयांग जलाशयाजवळ हे पक्षी जाळ्यांनी पकडून फार मोठ्या संख्येने मारले जात होते. गावकऱ्यांनी निश्चय केला आणि २०१३ पासून ती शिकार थांबविली. गावाने मनावर घेतले तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरा पक्षी पाणथळीतला, शेपटीवर पट्टे असलेला गॉडविट. त्याच्या एका पिलाने २०२२ साली अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर प्रवास ११ दिवसांत, कोठेही न उतरता केला.

(ऊ) इतर प्राणी

स्थलांतर केवळ पक्षीच करीत नाहीत. पूर्व आफ्रिकेत दहा लाखांहून अधिक नू जातीची जनावरे पावसामागे व कोवळ्या गवतामागे वर्षभर फिरत राहतात. कोकणातील वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवीण अंडी घालण्यापुरती येते व पुन्हा समुद्रात जाते. आपल्या अंगणात पावसाळ्यात थव्याने उडणारा पिवळसर चतुरही मोठा प्रवासी आहे. तो डबक्यांत अंडी घालतो. पिढी वाढते आणि पाऊस संपल्यावर यांचे थवे मालदीव बेटांवरून आफ्रिकेच्या दिशेने जातात. जाणारा चतुर स्वतः परत येत नाही. वर्षाचा फेरा त्याच्या पुढच्या पिढ्या पुरा करतात. अमूर ससाण्यांस समुद्रावर याच चतुरांचे खाद्य मिळत असावे, असे अभ्यासक मानतात.

भोरडी : शत्रू की मित्र?

हा भाग आपल्या जिल्ह्यात वगळू नये, कारण शेतकऱ्याचा मुलगा तो हमखास काढील. गोलावर दोऱ्याचे एक टोक धाराशिववर व दुसरे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशावर धरावे. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते. तेथपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात भोरड्या घरटी करतात.

हुरड्यात आलेल्या शाळूवर थवा उतरला की नुकसान होते, हे खरे आहे. ते नाकारल्यास मुलाचा आपल्यावरील विश्वास उडेल. परंतु दुसरी बाजूही सांगावी. नाकतोडे व टोळ हे भोरडीचे आवडते अन्न होय. चीनच्या सिंक्यांग प्रांतात टोळांना आळा बसावा म्हणून तिला घरटी करण्यास मुद्दाम दगडांच्या राशी रचून देतात. माघ-फाल्गुनात ती पळस व काटेसावरीच्या फुलांतील मध पिते आणि एका झाडाचे पराग दुसऱ्यास पोचविते. तिला पळसमैना म्हणतात ते यामुळेच. भोवत्या तर उंदीर व नाकतोडे टिपणारा शेताचा राखणदारच आहे. तेव्हा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी, डबा वाजवावा, थवा उठवावा. परंतु विषारी दाणे टाकू नयेत, गलोलीने मारू नये, लावे-तित्तिरांसाठी फासे लावू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा ठरविला आहे.

वर्गातील रिकाम्या जागा

आता हा पाठ दिवाळीपूर्वी का घ्यावा, ते सांगतो. पाखरे आपल्याकडे येऊ लागतात त्याच दिवसांत आपली काही मुले गाव सोडून जातात. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या कोरडवाहू गावांतील कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. म्हणजे हिवाळ्यात हा पाठ घेतला, तर ‘स्थलांतर’ हा शब्द ज्या मुलास सर्वांत अधिक ठाऊक आहे, तोच मुलगा वर्गात नसतो.

पाठ चालू असता असा मुलगा कदाचित म्हणेल, ‘गुरुजी, आम्हीपण जातो.’ यावर वर्गात हशा पिकू देऊ नये आणि ‘तुम्ही पाखरांसारखेच’ असे म्हणून तो विषय गोडही करू नये. दोन्हींतील फरक स्पष्ट सांगावा. पाखरू उपजत प्रेरणेने जाते. कुटुंब जाते ते गावी पाणी व काम नाही म्हणून, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची आहे म्हणून. चातकाच्या पिलास दिशा वारशाने मिळते. मुलास ती शाळेत मिळते, आणि शाळा पाच-सहा महिने मागे राहिली तर त्याची भरपाई आपोआप होत नाही. तेव्हा आपले कर्तव्य असे : आजी-आजोबा किंवा नातलग सांभाळणार असतील तर पालकांस भेटून मूल गावीच ठेवण्याविषयी आणि हंगामी वसतिगृहाच्या सोयीविषयी सांगावे, मूल जाणारच असेल तर त्यास शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत त्यास बसता येईल.

याखेरीज आणखी एक लहानसे काम करता येते. जाणाऱ्या मुलाच्या हाती एक चाळीस पानी वही द्यावी आणि सांगावे, ‘तू जेथे जाशील तेथील पाखरे लिहून आण.’ पुष्कळ तोडकऱ्यांच्या कोप्या उसाच्या पट्ट्यात, नदी-धरणांच्या आसपास पडतात. उजनीच्या पाण्याजवळ जो मुलगा जाईल, त्यास उंच पायांचे गुलाबी रोहित पक्षी दिसतील. ते आपल्या वर्गातील इतरांस दिसणार नाहीत. पाडव्यानंतर तो परत आला की त्याची वही वर्गात वाचून घ्यावी. हजेरीपटावर तो गैरहजर असला तरी या पाठापुरता तो वर्गाने दूर पाठविलेला निरीक्षक ठरतो. त्यामुळे चार ओळी लिहिण्याची सवय टिकते आणि शाळेशी असलेला धागा तुटत नाही.

शाळेची नोंदवही

एक वही शाळेत कायमची ठेवावी. तीत पुढील रकाने असावेत : पक्ष्याचे गावात चालणारे नाव, प्रथम दिसल्याची तारीख, ठिकाण, अंदाजे संख्या, काय करीत होता, शेवटचा दिसल्याची तारीख, पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव. जूनमध्ये चातक, भाद्रपद-आश्विनात भोरडी, धोबी व भिंगरी, नोव्हेंबरात तळ्यावरील बदके, असा क्रम साधारणतः लागेल. नाव ठाऊक नसल्यास रंग, चोच व पाय यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. अशा साध्या तारखांस मोल असते. २००७ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात देशभरातील सामान्य निरीक्षकांकडून पाखरू प्रथम केव्हा दिसले, हीच माहिती मागविली होती. दहा वर्षांची अशी वही ज्या शाळेत असेल, तेथे पाऊस व हवामान बदलत असता पाखरांच्या तारखाही बदलतात काय, हे मुलेच सांगू शकतील.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. भटकंती व स्थलांतर यांतील फरक एकेका उदाहरणाने सांगा.
२. ‘थंडीमुळे पक्षी येतात’ हे उत्तर अपुरे का आहे?
३. २१ जून रोजी कझाकस्तानात दिवस मोठा असण्याचा पक्ष्यांस काय उपयोग होतो?
४. निघण्याची वेळ पक्ष्यास हवेच्या गारव्यापेक्षा दिवसाच्या लांबीवरून अधिक बिनचूक का कळते?
५. चातकाच्या पिलास वाट कोणी शिकविली?
६. तुमच्या शेतात भोरड्या उतरल्या तर तुम्ही काय कराल आणि काय करणार नाही?

सहावा प्रश्न मुलांनी घरी वडीलधाऱ्यांशी बोलून सोडवावा. जाणाऱ्या मुलांच्या वह्या मात्र सुटी लागण्यापूर्वीच, त्यांच्या गाड्या निघण्याआधी, हाती द्याव्यात.